पाणी, वजन आणि दोघं

अमेरिकेत निवृत्तीनंतर काही जोडपी राहतं घर विकून टाकतात. सामानातलं थोडं मुलांकडे जातं, थोडं दानाच्या दुकानांत, उरलेलं अंगणात मांडून विकलं जातं. मग एक ट्रेलर येतो, तो ओढायला दणकट पिकअप ट्रक येतो आणि पुढची कित्येक वर्षं ती दोघं त्या ट्रेलरमध्येच राहतात. सुट्टीपुरती नाही, बाराही महिने. तिकडे त्यांना ‘फुलटायमर’ म्हणतात. हे पुस्तक त्यांच्या रोजच्या दिवसाचं आहे. सकाळी पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं, औषधं कोणत्या पत्त्यावर मागवायची, भांडण झालं तर कोण कुठे जाऊन बसतं आणि ट्रक चालवणं झेपेनासं झालं की काय करायचं, हे त्याचे विषय.

ओहायोतलं घर विकल्यापासून मी आणि माझे यजमान असेच राहतो. भारतात फोन केला की दोन तऱ्हेचं बोलणं ऐकू येतं. एक, “मजा आहे बुवा तुमची, रोज सहल!” आणि दुसरं, जरा दबक्या आवाजात, “मुलं काही म्हणत नाहीत का गं?” पहिल्या बोलण्यात आम्ही सुखवस्तू प्रवासी असतो, दुसऱ्यात घर हरवलेले म्हातारा-म्हातारी. दोन्ही बोलणी मायेपोटी येतात हे मला ठाऊक आहे. पण त्यांत आमचा मंगळवार कुठेच नसतो. सहलीहून माणूस घरी परततो आणि मग कपडे धुतो, बिलं भरतो, दाढ दुखत असेल तर दाखवून येतो. इथे हे सगळं वाटेवरच उरकायचं असतं. या राहणीचं मोल त्या उरकण्यात आहे असं माझं ठाम मत आहे. म्हणून पुस्तकात डोंगर-दऱ्यांची वर्णनं कमी आणि टाक्या, तारा, दोर यांची जास्त आहेत.

आधी ट्रेलर म्हणजे काय ते सांगते. त्याला स्वतःचं इंजिन नसतं. इंजिन आणि घर एकाच सांगाड्यावर असलेल्या गाडीला मोटरहोम म्हणतात, ती वेगळी. साधा ट्रेलर ट्रकच्या मागच्या हिचवर, म्हणजे एका लोखंडी गोळ्यावर अडकतो. ‘फिफ्थ व्हील’ जातीच्या ट्रेलरचं तोंड उंच असतं आणि ते ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या जोडणीत जाऊन बसतं. तो जास्त स्थिर चालतो आणि आत जागाही जास्त मिळते, म्हणून कायम राहणारी बरीच जोडपी शेवटी त्याच्याकडे वळतात. ट्रेलरची रुंदी कायद्याने साडेआठ फुटांपर्यंत, लांबी वीस फुटांपासून चाळिसापर्यंत. अठ्ठावीस फुटी ट्रेलरमध्ये दोन माणसांना सव्वादोनशे चौरस फूट मिळतात. मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, आणि तिच्यात आठ-दहा माणसांचे संसार झालेले आहेत. तेव्हा जागेच्या टंचाईचं मराठी वाचकाला अप्रूप वाटू नये. फरक आहे तो दाराबाहेर. चाळीत दार उघडलं की गॅलरी आणि माणसं. इथे दार उघडलं की कधी वाळवंट, कधी दुसऱ्याच्या ट्रेलरची पाठ, आणि आत पुन्हा तीच दोघं.

ही राहणी आजची नाही. फोर्डची मॉडेल टी घरोघरी पोचली, तेव्हाच तंबू, खाटा आणि डबाबंद अन्न घेऊन लोक थंडीत फ्लोरिडाकडे निघू लागले. १९१९ साली टँपा शहराच्या डीसोटो पार्कमध्ये त्यांनी ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ नावाची संघटना काढली. रेडिएटरच्या झाकणावर बसवलेला पत्र्याचा डबा ही त्यांची खूण. पुढे महामंदीच्या दशकात काहींना ट्रेलर हौस म्हणून हवा होता आणि काहींना तेवढाच निवारा उरला होता. वीस वर्षांत अर्धी अमेरिका ट्रेलरमध्ये राहू लागेल, असं भाकीत रॉजर बॅबसन या अर्थतज्ज्ञाने त्या दशकात केलं. ते खरं ठरलं नाही. पण फिरत्या घरांतली माणसं आपल्या गावात ठाण मांडतील ही धास्ती गावोगावी बसली, आणि ट्रेलर कुठे उभा करायचा, किती दिवस, यावरचे निर्बंध तेव्हापासून चालत आले आहेत. आज शहरात शिरताना आम्हाला मनाईची जी पाटी दिसते तिचं मूळ तिथे आहे.

त्याच काळात वॉली बायम यांनी एअरस्ट्रीम हा चकचकीत ॲल्युमिनियमचा, विमानाच्या धडासारखा ट्रेलर लोकप्रिय केला. १९५९ साली त्यांनी ४१ ट्रेलरांचा ताफा केपटाउनहून कैरोला न्यायला काढला. त्याची छायाचित्रं अजून पोस्टरांवर झळकतात. मला स्वतःला त्या पराक्रमापेक्षा इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टची गोष्ट जास्त जवळची वाटते. अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर या गावाच्या आसपास तयार होतात, आणि तिथल्या कारखान्यांत आमिश पंथाचे कारागीर मोठ्या संख्येने काम करतात. मोटार बाळगायची नाही, घोडागाडीने जायचं, असा त्यांचा नेम. ज्यांनी आमच्या घराच्या भिंती जोडल्या, कपाटांना बिजागऱ्या लावल्या, ती माणसं संध्याकाळी आपल्या कायमच्या गावी, कायमच्या शेतावर परततात. एल्कहार्टच्या रस्त्यावर घोडागाडी पुढे आणि नवाकोरा ट्रेलर मागे असं चित्र रोज दिसतं, आणि मला दोघांविषयी सारखाच आदर वाटतो.

आता पाणी. ट्रेलरच्या पोटात तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची. दुसरीत न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी जातं, तिला ‘ग्रे’ म्हणतात. तिसरी संडासाची, ‘ब्लॅक’. प्रत्येकी साधारण दीडशे लिटर धरा. कॅम्पग्राउंडवर नळाची आणि गटाराची जोडणी मिळाली तर प्रश्न नाही, पण जंगलखात्याच्या किंवा वाळवंटातल्या मोकळ्या जमिनीवर उभं राहिलं की ते दीडशे लिटर हेच सर्वस्व. अमेरिकन शहरी माणसाने आयुष्यभर पाणी मोजलेलं नसतं. त्यामुळे पहिल्या महिन्यात जोडप्यांची सगळी चर्चा पाण्यावरच होते. अंग ओलं करायचं, नळ बंद, साबण, मग पुन्हा नळ. गरम पाण्याची टाकी बहुधा तेवीस लिटरची; दुसऱ्याला आंघोळ करायची आहे हे पहिल्याने लक्षात ठेवायचं. भांडी आधी कागदाने पुसून घ्यायची. आमच्या शेजारच्या ट्रेलरमधल्या एका निवृत्त शिक्षिकेने मला सांगितलं होतं, की चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने किती पाणी वापरलं हे तिने कधी पाहिलं नव्हतं, आता तिला त्याच्या दात घासण्याचाही आवाज मोजता येतो. मी सोलापूर जिल्ह्यात वाढले. टँकरच्या दिवशी हंडे रांगेत लावणं मला नवं नव्हतं, त्यामुळे या एका बाबतीत शिकवायची पाळी माझ्यावर आली.

सांडपाण्याचं काम बहुतेकांना सांगायला संकोच वाटतो. मला वाटत नाही, कारण ते नीट केल्याशिवाय बाकीचं काहीच चालत नाही. डंप स्टेशनवर जाडसर नळी जोडायची, हातमोजे घालायचे, आधी ब्लॅकची झडप उघडायची आणि ती टाकी रिकामी झाल्यावर ग्रेची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. गटाराची जोडणी असली तरी ब्लॅकची झडप कायम उघडी ठेवायची नाही. पाणी निघून जातं, घट्ट मळ टाकीच्या तळाशी बसतो आणि मग तो निघता निघत नाही. हे काम बहुधा पुरुष करताना दिसतात. पण नवऱ्याचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर ते सहज अंगावर घेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्याचं काही ओझं नव्हतं. ज्या समाजात हे काम पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या माथी मारलं गेलं, तिथून आलेल्या माझ्यासारखीने आपलं सांडपाणी स्वतः वाहून नेणं मला आवश्यक वाटतं. पुस्तकातलं पहिलं प्रकरण म्हणूनच टाक्यांचं आहे.

विजेचा हिशेब जरा सोपा. लहान ट्रेलरला ३० अँपिअरची जोडणी असते, ती १२० व्होल्टवर ३६०० वॅट देते. एअर कंडिशनर आणि मायक्रोवेव्ह चालू असताना कोणी केस वाळवायचं यंत्र लावलं की खटका पडतो. फ्रिज बऱ्याच ट्रेलरांत गॅसवरही चालतो, पण त्यासाठी ट्रेलर समतल उभा असावा लागतो; म्हणून पोचल्यावर चाकांखाली ठोकळे सरकवून पातळी साधणं हे पहिलं काम. आता छतावर सौर पट्ट्या आणि आत लिथियम बॅटऱ्या बसवणारे वाढले आहेत. फोडणीचं मात्र सांगायलाच हवं. मोहरी तडतडून मिरची पडली की धुराचा भोंगा ओरडू लागतो. त्यामुळे आमची फोडणी बाहेर, टेबलावरच्या छोट्या शेगडीवर होते, आणि त्या वासाने जितक्या ओळखी झाल्या तितक्या दुसऱ्या कशानेच झाल्या नाहीत.

वजनाचं प्रकरण मी सगळ्यांत जास्त वेळ घेऊन लिहिलं, कारण त्याच्याशी जिवाची गाठ आहे. साध्या ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार ट्रकच्या हिचवर यायला हवा. मागच्या बाजूला सामान जास्त भरलं आणि पुढचा भार कमी पडला, तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे हेलकावू लागतो आणि ट्रकलाही घेऊन जातो. म्हणजे पुस्तकांचं खोकं पलंगाखाली ठेवायचं की मागच्या कपाटात, हा आवडीचा प्रश्न उरत नाही. पाण्याची भरलेली टाकी म्हणजे दीडशे किलो. ओतीव लोखंडाचा तवा, डब्यांतली डाळ, अवजारांची पेटी, सगळं मोजणीत येतं. ट्रकवाले जिथे आपले मालट्रक तोलतात त्या काट्यावर ही जोडपी वर्षातून एकदा तरी आपलं घर तोलून घेतात. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन तो बनल्याच्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत दिसली तरी पाच-सहा वर्षांनी ट्रेलरचे टायर बदलायचे असतात.

सामान कमी करणं हा सगळ्यांच्या आयुष्यातला अवघड भाग असतो, आणि तो ट्रेलर घेण्याच्या आधीच येतो. आईची चिनी मातीची भांडी, लग्नातली चादर, मुलांच्या शाळेतल्या वह्या. मुलं म्हणतात, आमच्या घरात जागा नाही. त्यांचं खरंही असतं. काही जण गोदामातली खोली भाड्याने घेऊन सगळं तिथे ठेवतात आणि दोन-तीन वर्षं भाडं भरून झाल्यावर एका उन्हाळ्यात परत येऊन ते विकतात. मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांतल्या बहुतेकांना नेमकी एकच वस्तू आठवत होती, जी द्यायला नको होती. एकाला वडिलांचा रंधा. एकीला शिवणयंत्र. बाकीच्या खोलीभर सामानात काय होतं ते त्यांना आठवत नव्हतं.

आता दोघं. नोकरीच्या वर्षांत नवरा-बायको दिवसातले किती तास एकमेकांसमोर असतात? सकाळचा चहा, रात्रीचं जेवण, रविवार. ट्रेलरमध्ये एकदम चोवीस तास येतात. दुसऱ्या खोलीत निघून जाता येत नाही, कारण दुसरी खोली म्हणजे एक सरकता पडदा. एकाने कूस बदलली की अख्खा ट्रेलर हलतो. म्हणून जाणती जोडपी काही रिवाज पाडतात. एक जण सकाळी कुत्र्याला घेऊन लांब जातो, दुसऱ्याला तेवढा एकांत मिळतो. धुलाईच्या दुकानात एकानेच जायचं. तिथे नाण्यांची यंत्रं असतात आणि दोन तास बसावं लागतं. कोणत्या कॅम्पग्राउंडचं पाणी खारट आहे, कोणता घाट टाळावा, ही सगळी बातमी तिथेच कळते. दुपारी चार-पाचच्या सुमारास कुणीतरी खुर्ची घेऊन बाहेर बसतं, मग दुसरं येतं, प्रत्येकाची खुर्ची आपली, पेला आपला. तास-दीड तास गप्पा होतात आणि सगळे आपापल्या दारात परततात.

नात्याची कसोटी ट्रेलर मागे घेताना लागते. ट्रेलर उलटा लावताना ट्रकचं चाक डावीकडे वळवलं की ट्रेलरचा मागचा भाग उजवीकडे जातो. चालवणाऱ्याला मागचं नीट दिसत नाही, मागे उभ्या असलेल्याला ट्रकमधलं दिसत नाही, आणि आजूबाजूला खुर्च्या टाकून बसलेले लोक बघत असतात. फांदी छताला लागणार म्हणून मी “अहो, थांबा!” असं ओरडते आणि इंजिनाच्या आवाजात ते ऐकूच जात नाही. अनुभवी जोडपी हाताच्या खुणा आधी ठरवून घेतात किंवा फोनवर बोलतात. एक नियम सगळीकडे ऐकला: मागच्याचा हात आरशात दिसेनासा झाला की गाडी जागच्या जागी उभी करायची. बायकांनी ट्रेलर ओढायला आणि मागे घ्यायला शिकलंच पाहिजे, याबद्दल माझं मन पक्कं आहे. महामार्गावर नवऱ्याच्या छातीत दुखू लागलं तर तिथे दुसरा चालक येणार नाही. यासाठी शिकवण्या चालतात, त्यांत सत्तरीतल्या बायका मोकळ्या मैदानात शंकूंमधून ट्रेलर मागे घेतात, आणि त्यांना शिकताना पाहणं मला या सगळ्या वर्षांत फार आवडलं.

रस्त्यावरचा वेग या लोकांचा कमी असतो. ‘तीन-तीन-तीन’ असा एक संकेत आहे: दिवसाला तीनशे मैलांपेक्षा जास्त नाही, दुपारी तीनच्या आत मुक्कामी, आणि तिथे किमान तीन दिवस. वाटाही पाहून घ्याव्या लागतात. माँटानातल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातला गोइंग-टू-द-सन रस्ता प्रसिद्ध आहे, पण त्याच्या घाटाच्या भागात एकवीस फुटांपेक्षा लांब वाहन नेता येत नाही. ट्रेलर खाली ठेवून नुसत्या ट्रकने जायचं.

ज्याला घर नाही त्याचा पत्ता काय? मतदान, वाहन परवाना, विमा, कर, पेन्शनचं पत्र, सगळ्यांना एक राज्य लागतं. फुलटायमर बहुधा टेक्सस, फ्लोरिडा किंवा साउथ डकोटा निवडतात; या तिन्ही राज्यांत राज्याचा प्राप्तिकर नाही. साउथ डकोटात एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखवून वाहन परवाना मिळवता येतो. टेक्ससमधल्या लिव्हिंग्स्टन या लहान गावी एस्केपीज या फुलटायमरांच्या संस्थेचं मुख्यालय आहे. जो आणि के पीटरसन या जोडप्याने १९७८ साली ती काढली. तिथे सभासदांच्या नावे येणाऱ्या टपालाचा पसारा एवढा मोठा, की त्याला स्वतंत्र झिप कोड आहे. सभासदाने आपण कुठे आहोत ते कळवायचं, की पत्रांचं पुडकं त्या गावच्या पोस्टात येऊन थांबतं. नातवाचं वाढदिवसाचं चित्र ॲरिझोनातल्या पोस्टाच्या खिडकीवर हातात पडतं तेव्हा त्याच्यावर तीन राज्यांचे शिक्के असतात.

पैशाबद्दल गोड बोलणं मला जमणार नाही. लाख डॉलरचा ट्रेलर आणि भरघोस पेन्शन असलेली जोडपी या रस्त्यावर आहेत आणि २००८च्या मंदीत घर गेलं म्हणून ट्रेलरमध्ये आलेलीही आहेत. दोघांचे ट्रेलर शेजारी उभे असतात. जेसिका ब्रूडर यांचं ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक २०१७ साली आलं, त्यावरच्या चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळालं, आणि म्हातारपणी गाडीत राहून हंगामी मजुरी करणाऱ्यांकडे जगाचं लक्ष गेलं. ऑक्टोबरमध्ये नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटाच्या सीमेवर, रेड रिव्हरच्या खोऱ्यात साखरेच्या बीटचा हंगाम असतो, बारा-बारा तासांच्या पाळ्या, रात्री कडाक्याची थंडी. तिथे सत्तरीतली माणसं उभी राहून काम करतात. काही हौसेने, काही गरजेने. विचारल्यावर दोघंही हौसच सांगतात, आणि त्यांचा मान राखून आपण तेवढंच ऐकून घ्यावं.

सौम्य काम म्हणजे कॅम्पग्राउंडचं यजमानपण. आठवड्याला ठराविक तास आल्यागेल्याची नोंद ठेवायची, शेगड्यांतली राख काढायची, स्वच्छतागृहं पाहायची, आणि बदल्यात जागा, पाणी, वीज फुकट. वयाच्या ६२व्या वर्षी राष्ट्रीय उद्यानांचा तहहयात पास मिळतो. २०१७च्या ऑगस्टपर्यंत तो दहा डॉलरला होता, नंतर ८० झाला, आणि त्यावर केंद्र सरकारच्या बऱ्याच कॅम्पग्राउंडवर अर्ध्या दरात राहता येतं. काटकसरीने राहणाऱ्या जोडप्याचा सगळा हिशेब या पासाभोवती फिरतो.

थंडी पडली की पक्ष्यांसारखे सगळे दक्षिणेला उतरतात. ॲरिझोनातलं क्वार्टझाइट हे अडीच हजारांच्या आसपास वस्तीचं वाळवंटी गाव. हिवाळ्यात त्याच्या भोवतीचं वाळवंट ट्रेलरांनी क्षितिजापर्यंत भरून जातं. सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिलपर्यंत राहायचा परवाना कित्येक वर्षं १८० डॉलरला मिळत आला आहे. नळ जवळ नाही, वीज नाही, पण डंप स्टेशन आहे आणि शेजार आहे. गावच्या दफनभूमीत दगडांचा एक छोटा पिरॅमिड आहे, वर पत्र्याचा उंट. १८५६ साली अमेरिकी लष्कराने उंट आणवले, त्यांच्याबरोबर आलेल्या हाजी अलीची ती समाधी. तोंडात नाव बसेना म्हणून लोकांनी त्याला ‘हाय जॉली’ केलं. उंटांचा प्रयोग फसला, लष्कराने ते विकून टाकले, आणि हा माणूस परदेशातल्या वाळवंटातच राहून १९०२ साली वारला. मी दर हिवाळ्यात तिथे जाते.

तिथून दक्षिणेला यूमा, आणि यूमाजवळ सीमेपलीकडे मेक्सिकोतलं लॉस अल्गोडोनेस. चार गल्ल्यांच्या त्या गावात शेकडो दंतवैद्य आहेत. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यात नेहमीच्या दातांचा आणि चष्म्याचा खर्च बसत नाही, म्हणून म्हातारी माणसं पासपोर्ट खिशात घालून पायी सीमा ओलांडतात आणि कवळी बसवून संध्याकाळी परत येतात. जगातल्या श्रीमंत देशाच्या वृद्धांना दाढेसाठी रांगेत उभं राहून सीमा ओलांडावी लागते, हे मला दरवेळी सलतं. आजारपणाचं नियोजन या राहणीत सगळ्यांत कठीण. ६५व्या वर्षी मेडिकेअर लागू होतं. मूळ मेडिकेअर देशभर चालतं, पण खासगी कंपन्यांच्या बऱ्याच योजना एका भागातल्या डॉक्टरांपुरत्या असतात. दर महिन्याला राज्य बदलणाऱ्याने ही निवड विचारपूर्वक करावी. आरोग्याच्या प्रकरणात ती सविस्तर मांडली आहे.

आणि थांबणं. नजर कमी होते, हात थरथरतो, दोघांतलं एक जातं. एकट्या राहिलेल्यांसाठी ‘लोनर्स ऑन व्हील्स’ नावाचा क्लब आहे. न्यू मेक्सिकोत डेमिंगला त्यांचा तळ आहे, आणि जोडीदार मिळाला की सभासदत्व सोडायचं असा त्यांचा नियम. लिव्हिंग्स्टनला एस्केपीजनेच ‘केअर’ नावाचं केंद्र उभारलं आहे. जे आता प्रवास करू शकत नाहीत त्यांनी आपला ट्रेलर तिथे आणून उभा करायचा आणि त्यातच राहायचं. तीन वेळचं जेवण, साफसफाई, कपडे, डॉक्टरकडे नेणं-आणणं, हे केंद्र पाहतं. पलंग आपला, उशाखालची चादर आपली, खिडकीतला पडदा आपण शिवलेला. वृद्धाश्रमात जाताना माणसाला पहिलं काय सोडावं लागतं याचा विचार ज्यांनी केला त्यांनीच हे उभं केलं असणार. आपल्याकडे अशा सोयीचा विचार करणाऱ्यांनी हे केंद्र एकदा पाहावं, असं मी मनापासून सांगते.

१९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेत आलेली पहिली मराठी पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. मोठी घरं रिकामी झाली आहेत, जिने चढवत नाहीत, मुलं दोन वेगवेगळ्या किनाऱ्यांवर. त्यांच्यातले काही जण मला पत्र लिहून विचारतात, आम्हाला जमेल का? त्यांना मी आधी ट्रेलर भाड्याने घेऊन थंडीतला एक अख्खा महिना त्यात काढायला सांगते, उन्हाळ्यातला नाही. पाऊस लागू द्या, एकाला ताप येऊ द्या, टाकी भरू द्या. पुस्तकात त्या महिन्याची तयारी दुसऱ्या प्रकरणात आहे, खर्चाचे तक्ते शेवटी आहेत, आणि ज्या जोडप्यांनी मला आपल्या दारात खुर्ची दिली त्यांची नावं त्यांच्याच सांगण्यावरून कुठेही दिलेली नाहीत.